ब्लॅक स्ट्रॅटमध्ये 'ओरिजिनल' काय उरलं होतं?

२० जून २०१९ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावघराने पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या गिटार्स विकायला काढल्या. त्यात एक काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. लिलावघराचा अंदाज होता एक ते दीड लाख डॉलरचा. ती गेली ३९ लाख ७५ हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तावीस कोटी रुपयांच्या वर. तोवर कुठल्याही गिटारला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. लिलावाचे पैसे गिल्मोरने क्लायंटअर्थ या पर्यावरणाच्या कायदेशीर लढाया लढणाऱ्या संस्थेला दिले. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' आणि 'कम्फर्टेबली नम' ज्या गिटारवर वाजलं ती ही. चाहते तिला नुसतं 'ब्लॅक स्ट्रॅट' म्हणतात.

आता क्षणभर कल्पना करा की हीच गिटार कुणा अनोळखी माणसाची आहे आणि तो ती घेऊन जुन्या गिटार्सच्या दुकानात गेलाय. दुकानदार ती उलटसुलट करून बघणार, पुढची प्लॅस्टिकची प्लेट उघडून आत डोकावणार आणि मान हलवणार. मूळ रंगावर काळा रंग चढवलेला. नेक मूळचा नाही. ब्रिजजवळचा पिकअप बदललेला. पिकगार्ड बदललेलं. एक जास्तीचं स्विच बसवलेलं. बॉडीला पाडलेलं भोक नंतर बुजवलेलं. ट्रेमोलोखालचं लाकूड कोरून पुन्हा भरलेलं. दुकानदार म्हणेल, वाजवायला ठीक आहे हो, पण संग्रहाच्या दृष्टीने हिच्यात काही उरलेलं नाही.

दुकानदार त्याच्या हिशोबाने बरोबर असेल. लिलावघरही त्याच्या हिशोबाने बरोबर होतं. पण हे दोन हिशोब एकाच बाजारात शेजारी शेजारी नांदतात आणि त्याबद्दल कुणाला काही खटकत नाही, हे मला गेली काही वर्षं खटकतंय. जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं मोल नेमकं कशात असतं? 'ओरिजिनल' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, तो नेमकं काय मोजतो?

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडी तांत्रिक माहिती. स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली १९५४मध्ये. ती बनवणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करायचा. कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं दुकान होतं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने बनवलेली वस्तू कशी असते ते स्ट्रॅट उघडल्यावर कळतं. नेक बॉडीला चिकटवलेला नाही, चार स्क्रूंनी बसवलाय. तिन्ही पिकअप, नॉब्ज, स्विच सगळं एका प्लेटवर. ती प्लेट उचलली की अख्खी वायरिंग समोर. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार थरथरली की त्यात विजेचा क्षीण प्रवाह तयार होतो आणि तोच पुढे अँप्लिफायरला जातो. यातली कुठलीही गोष्ट बिघडली तर ती काढून दुसरी लावायची, हे या डिझाइनमध्ये गृहीतच आहे. आपल्या भाषेत बोलायचं तर ही मॉड्युलर सिस्टिम आहे. तिचा एकही भाग बदललेला नाही म्हणून तिला डोक्यावर घेणं, हे तिच्या कर्त्याच्याच विचाराच्या उलट जाणारं आहे.

मग हे डोक्यावर घेणं आलं कुठून? सुरुवात वाजवणाऱ्यांपासून झाली. गिब्सन कंपनीने लेस पॉल हे मॉडेल विकलं जात नाही म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या रूपात बनवणं थांबवलं. १९६६मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या अल्बमवर एरिक क्लॅप्टनने जुनी लेस पॉल वाजवली आणि तो जाड, गुरगुरता आवाज तरुण गिटारवाल्यांच्या डोक्यात बसला. दुकानात नवी मिळत नव्हती, म्हणून ते जुनी शोधायला लागले. तिकडे १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि आता पूर्वीसारखा माल येत नाही अशी कुरकुर सुरू झाली. म्हणजे जुनी गिटार हवी होती ती वाजवायला, नव्यात तो आवाज नव्हता म्हणून. क्लॅप्टनची ती लेस पॉल त्याच वर्षी चोरीला गेली, हा त्या गोष्टीचा पुढचा भाग.

वाजवणाऱ्यांच्या मागून संग्राहक आले आणि मोजमाप बदललं. आता बाजाराचा ढोबळ नियम असा की, जुन्या गिटारला पुन्हा रंग दिलेला असेल तर किंमत जवळपास निम्मी. सोल्डरचे सांधे कारखान्यात जसे केले होते तसेच आहेत का, हे भिंग लावून बघितलं जातं. १९५७ ते १९६२च्या दरम्यान गिब्सनच्या काही पिकअपवर पेटंटचा अर्ज केल्याचं एक छोटं स्टिकर असायचं. ते पिकअप एकटे हजारो डॉलरला जातात. सगळ्यात वरचा भाव कुणाला? जी गिटार कुणीतरी हौसेने घेतली, दोन महिन्यांत कंटाळून पलंगाखाली सारली आणि साठ वर्षांनी नातवंडांनी बाहेर काढली, तिला.

हे जरा सावकाश वाचा. वाद्याला सर्वांत जास्त किंमत तेव्हा मिळते, जेव्हा त्याची कुणाला गरज पडलेली नसते. गिटारच्या नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट्स, तारा दाबून दाबून झिजतात. दहा वर्षं रोज वाजवलेल्या गिटारचे फ्रेट्स बदलावेच लागतात. म्हणून मूळ फ्रेट्स शाबूत असणं याचा अर्थ एवढाच की ती फारशी वाजलेली नाही. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी बसली की ती पुन्हा काढून घेतात. म्हणून तंबोरा 'ओरिजिनल' राहिला नाही असं कुणी म्हणत नाही. उलट जवारी कोणी काढली हे अभिमानाने सांगतात.

इथे टाळी वाजवून थांबणं सोपं आहे. वाजवणारे चांगले, साठवणारे वाईट. पण ते तितकं सरळ नाही, कारण बदल करणाऱ्यांनी घातलेला गोंधळही कमी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पन्नासच्या दशकातल्या सोनेरी लेस पॉल घेऊन, त्यांत नव्या धर्तीचे मोठे पिकअप बसावेत म्हणून राउटर चालवले गेले. राउटर म्हणजे इथे वायफायचा नव्हे, लाकूड कोरायचं यंत्र. तेव्हा त्या फक्त जुन्या गिटार्स होत्या, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पण कोरलेलं लाकूड परत येत नाही. पिकअप काढून ठेवला तर उद्या परत लावता येतो. लाकडाचा भुसा कचऱ्यात जातो. म्हणून 'बदल' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: परत फिरवता येणारा आणि न येणारा. बाजार दोन्हींना एकाच तराजूत तोलतो, आणि बाजाराला नावं ठेवणारे वाजवणारेही बऱ्याचदा तेच करतात.

ब्लॅक स्ट्रॅटवर दोन्ही प्रकार झालेत. गिल्मोरने ती १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज म्युझिक या दुकानातून घेतली. त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्समध्ये बँडचं सगळं सामान चोरीला गेलं होतं. ती भर काढायला घेतलेली ही गिटार. नंतर नेक बदलले, एकदा नव्हे, कित्येकदा. आवाजातली खरखर कमी व्हावी म्हणून कधी एक्सएलआर सॉकेट बसवायला बॉडीला भोक पाडलं आणि ते जमेना म्हणून बुजवलं. मध्ये काही काळ एक मोठा हंबकर पिकअपही बसवून पाहिला आणि काढला. पांढरं पिकगार्ड १९७४मध्ये काळं झालं. १९८३च्या सुमारास काहलर कंपनीचा ट्रेमोलो बसवण्यासाठी लाकूड कोरलं. हा बदल सर्वांत दांडगा आणि माझ्या मते सर्वांत अनावश्यक. त्यानंतर थोड्याच काळात गिल्मोरने ती अमेरिकेतल्या एका कॅफेत प्रदर्शनासाठी देऊन टाकली. ज्या गिटारवर एवढे प्रयोग केले ती भिंतीवर टांगली गेली आणि १९९७मध्ये परत आली तेव्हा तिची चांगलीच डागडुजी करावी लागली. कोरलेला खड्डा लाकडाने भरला, जुन्या पद्धतीचा ट्रेमोलो परत आला. २ जुलै २००५ला लंडनमध्ये 'लाइव्ह एट'च्या कार्यक्रमात पिंक फ्लॉइडचे चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले, तेव्हा गिल्मोरच्या हातात हीच होती.

हे सगळं मला इतक्या तपशिलात का माहीत आहे? कारण गिल्मोरसोबत १९७४पासून काम करणाऱ्या फिल टेलर या तंत्रज्ञाने यावर एक पुस्तक लिहिलंय. त्याचं नावही 'द ब्लॅक स्ट्रॅट'च. पहिली आवृत्ती २००८ची. साहित्य म्हणून वाचायला गेलात तर निराश व्हाल. बदल कधी झाला, काय काढलं, काय लावलं, कुठल्या फोटोत ते दिसतं, अशी ती जवळजवळ एक सर्व्हिस बुक आहे. प्रत्येक बदलामागे गिल्मोरच्या मनात कुठला आवाज घोळत होता, या प्रश्नाकडे लेखक फारसा वळत नाही, आणि समीक्षक म्हणून ही तक्रार मला करावीच लागेल. पण प्रोग्रामर म्हणून मला ते पुस्तक फार आवडतं. कारण ती कमिट हिस्टरी आहे. कोडच्या जगात पहिली कमिट सर्वांत मौल्यवान असं कुणी मानत नाही. पण कुणी हिस्टरीच पुसून टाकली तर आपण रागावतो, कारण मग आजचा कोड असा का आहे हे कळायचा मार्गच बंद होतो.

माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे. जुन्या वाद्यात जपायची गोष्ट म्हणजे त्याचा इतिहास, सगळ्या खाडाखोडीसकट. ते कारखान्यातून जसं निघालं ती त्या इतिहासाची पहिली ओळ आहे, आणि बाजार ती एकच ओळ वाचतो.

खुणा कशा बोलतात याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे 'ग्रीनी'. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनची ही १९५९ची लेस पॉल. तिच्या दोन पिकअपपैकी एकाचा चुंबक उलटा आहे. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांचे सिग्नल एकमेकांना काही अंशी खोडतात आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो. ही कारखान्यातली चूक की दुरुस्तीतली, यावर गिटारवाल्यांनी पिढ्यानपिढ्या वाद घातलाय. तांत्रिकदृष्ट्या तो बग आहे. पण ग्रीनने त्या बगमधून जो उदास, घशात अडकल्यासारखा सूर काढला, त्याने ब्रिटिश ब्लूजची एक वाट ठरवली. ग्रीनकडून ती गॅरी मूरकडे गेली, २००६मध्ये मूरने ती विकली आणि २०१४मध्ये मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटने घेतली. कुणीही तो चुंबक 'दुरुस्त' केला नाही. तीन फार वेगळ्या माणसांनी एक चूक जपली, हे मला कुठल्याही शाबूत सोल्डरपेक्षा मोठं वाटतं.

आता याच खुणांचा धंदा कसा होतो ते बघा. फेंडरच्या कस्टम शॉपने नव्वदच्या दशकाच्या मध्यात 'रेलिक' नावाची मालिका काढली: नवी गिटार, पण रंग खरवडलेला, धातू गंजवलेला, जणू चाळीस वर्षं बारमध्ये वाजलीय. पुढे ठरावीक माणसांच्या ठरावीक गिटार्सच्या नकला आल्या. एडी व्हॅन हेलनला गिब्सनचा आवाज हवा होता आणि स्ट्रॅटसारखा ट्रेमोलोही. अशी गिटार कुठल्याच दुकानात नव्हती. म्हणून त्याने स्वस्तातली बॉडी आणि नेक घेऊन, जुना गिब्सन पिकअप त्यात कोंबून, सायकलचा रंग मारून 'फ्रँकेन्स्टाइन' बनवली. २००७मध्ये फेंडरने तिच्या ३०० हुबेहूब प्रती काढल्या, प्रत्येकी २५ हजार डॉलरला. सिगारेटचे चटकेसुद्धा जिथल्या तिथे. २००८मध्ये ब्लॅक स्ट्रॅटचीही प्रत आली, आणि तीही दोन प्रकारांत: एक कोरी, एक आधीच झिजवलेली.

कारागिरी म्हणून या प्रती अचाट आहेत, त्यांना मी हसणार नाही. पण त्यांच्यात एक विचित्र उलटापालट आहे. मूळ माणसाने बिनधास्त ड्रिल चालवली, कारण त्याला जे हवं होतं ते त्याच्या हातातल्या वस्तूत नव्हतं. प्रत विकत घेणारा त्या बिनधास्तपणाचे पैसे मोजतो आणि मग तिच्यातला एक स्क्रूही हलवत नाही, कारण किंमत उतरेल. व्हॅन हेलनच्या गिटारमधून शिकायचं असेल तर ती विकत घेऊन नाही शिकता येणार. आणि रेलिकच्या खुणा या बनावट कमिट हिस्टरीसारख्या आहेत. तारखा आहेत, पण त्या तारखांना काहीच घडलेलं नाही.

खरी खूण काय करू शकते, हे गिटार हरवते तेव्हा कळतं.

पीटर फ्रॅम्प्टनकडे १९५४ची काळी लेस पॉल कस्टम होती. १९७०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका चाहत्याने त्याला ती देऊन टाकली. तीही बदललेलीच होती, मूळ दोन पिकअपच्या जागी तीन. 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!' या १९७६च्या तुफान खपलेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर दिसते ती हीच. १९८०मध्ये दौऱ्याचं सामान नेणारं मालवाहू विमान व्हेनेझुएलात कराकसला कोसळलं. विमानातली माणसं गेली. गिटारही जळाली असंच सगळ्यांनी धरलं. ती कुणीतरी त्या राखेतून उचलली होती. तीस वर्षांनी कुरासाओ बेटावरच्या एका स्थानिक संगीतकाराकडे ती सापडली आणि २०११च्या डिसेंबरमध्ये फ्रॅम्प्टनच्या हातात परत आली. ती वाजण्याइतपत नीट करून घेतली. जळाल्याच्या खुणा मात्र त्याने तशाच राहू दिल्या. नाव ठेवलं 'फिनिक्स'. त्या खुणा मिटवल्या असत्या तर गिटार जास्त 'ओरिजिनल' दिसली असती आणि त्या माणसांचा शेवटचा मागमूसही तिच्यावरून पुसला गेला असता.

दुसरी गोष्ट रँडी बॅकमनची. 'द गेस हू' या कॅनेडियन बँडच्या या गिटारिस्टची १९५७ची नारिंगी ग्रेच १९७६मध्ये टोरांटोच्या एका हॉटेलातून चोरीला गेली. पुढची कित्येक वर्षं तो तशाच गिटार्स विकत घेत राहिला, या आशेने की एखादी तीच निघेल. अखेर २०२०मध्ये, घरी अडकून पडलेल्या एका चाहत्याने जुन्या चित्रणातली ती गिटार आणि इंटरनेटवरचे शेकडो फोटो ताडून बघितले आणि एका जपानी संगीतकाराच्या व्हिडिओत ती ओळखली. कशावरून? लाकडातल्या एका छोट्या गाठीवरून. लाकडाचा पोत हा बोटाच्या ठशासारखा असतो. १ जुलै २०२२ला टोकियोत अदलाबदल झाली: बॅकमनने त्याच वर्षीची तशीच दुसरी ग्रेच दिली आणि आपली घेतली. दोन्ही गिटार्स कॅटलॉगमध्ये एकाच ओळीत बसतील. तरी एक माणूस ४४ वर्षं त्यातली एकच शोधत होता.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लाखो डॉलरवाल्यांचं. आपल्याकडे कोण घेतंय १९५९ची लेस पॉल? बरोबर आहे. माझी गिटारही तशी नाही. पुण्यात एका मुलाकडून सेकंड हँड घेतलेली, स्ट्रॅटच्या आकाराची, आशियात कुठेतरी बनलेली साधी गिटार आहे. एकदा वायरिंग बघायला प्लेट उघडली तर आत मास्किंग टेपचा तुकडा चिकटवलेला. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं की ब्रिजचा पिकअप कधी बदलला आणि कुठल्या रंगाची वायर कुठे जोडली. ज्याच्याकडून घेतली त्याला याचा पत्ताच नव्हता. म्हणजे हे त्याच्याही आधीच्या कुणाचं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, तो बहुधा कधी स्टेजवरही गेला नसेल. पण माझ्या गिटारचा फिल टेलर तोच. त्याच्यामुळे माझं काम अर्ध्या तासात झालं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ती गिटार मला जास्त आवडायला लागली.

आपल्याकडे आत्ता जे घडतंय ते या दृष्टीने बघण्यासारखं आहे. विशीतली मुलं स्वस्त गिटार घेतात, व्हिडिओ बघून पिकअप बदलतात, दोन वर्षांत नोकरीच्या निमित्ताने शहर बदललं की ऑनलाइन विकून टाकतात. जाहिरातीत 'मॉडिफाइड' असं लिहिलं की भाव पडतो, म्हणून बरेच जण लिहीतच नाहीत. अमेरिकेतल्या संग्राहकांचा 'ओरिजिनल'चा दंडक दहा हजारांच्या गिटारलाही लागू झालाय, जिच्यात जपण्यासारखं 'ओरिजिनल' मुळात काही नव्हतं. त्या दंडकाने आपल्याला खोटं बोलायला मात्र शिकवलं.

तेव्हा पिकअप बदला, बिनधास्त बदला. लाकूड कोरायच्या आधी एक रात्र थांबा, कारण ते परत येत नाही. जुना पिकअप फेकू नका. पिशवीत घालून केसमध्येच ठेवा. प्लेटच्या आत एक टेप चिकटवा आणि त्यावर तारीख लिहा, काय काढलं आणि काय लावलं तेही. विकताना पुढच्याला तो टेप दाखवा. तो भाव थोडा पाडून मागेल. द्या.